टाळ्या आणि तुडुम

आज अड्याळच्या बाजारात मासे घेताना गाळाचा वास आला, तेवढ्यात शेजारच्या प्रचारसभेत टाळ्या वाजल्या आणि मला लहानपणचा एक उन्हाळा आठवला.

त्या उन्हाळ्यात आमच्या तलावात गुडघाभर पाणी उरलं होतं. सोडलं तर आम्हा मासेमार ढिवरांची मासोळी मरणार, राखलं तर खालच्या शेतांतला धान. ग्रामसभेत बाबा उभे राहिले. त्यांच्यासारखं बोलणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं.

"तुमचा धान आमीबी खातो. पण मासोळीचं बीजच मेलं, तं आमी तलावात काय आसवं सोडाची?"

बायका रडल्या, शेतकऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वाचलो!

सभा उठली तसे शेतकरी डोमाजीकाका बाबांच्या गळ्यात पडले. "लय रडवलंस गा. पण माहा धान जळून राहिला." आणि डोळे पुसत पुसतच त्यांनी तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन पाणी सोडायचं तुडुम उघडलं.

तेव्हा ते मला ढोंगी वाटले होते. ते खरंच रडत होते, हे आज कळतं आणि जास्त भीती वाटते.

बाबा पाळीवर नुसते उभे होते. शब्द शोधत असल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. खाली चिखलात उघड्या पडलेल्या माशांची तोंडंही तशीच हलत होती.