करूळ घाटाचा चढ आणि बापूच्या सायकलचा ब्रेक

करूळ घाट सायकलनं चढायची हौस असेल, तर आधी हे वाचा. मी सातवी शिकलेला माणूस. शिवाजी पेठेत चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. वहीत लिहितो, नात टाईप करते.

दोन वर्षांपूर्वी थंडीत बापू दुकानात आला. तालमीतला जुना दोस्त. कबनूरला यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. मंडईत सायकलवरून पडल्यापासून मुलगा सायकल काढून टाका म्हणून मागं लागला होता.

"करूळ घाट खाली जायचं आणि पाय न टेकता वर यायचं," बापू म्हणाला. "जमलं तर सायकल ऱ्हायली. न्हाय जमलं तर दिऊन टाकतो."

"वय काय तुझं?"

"सदुसष्ट. तुझ्यापेक्षा एकच ज्यास्त. तू काय आत्ताच मरायला लागलाईस व्हय?"

मला दोन रात्री झोप नाही. पण त्याला एकट्याला कसं सोडणार?

कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, हळूहळू चढ. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांपासून सांभाळा. मागून गाण्यांचा दणदणाट आला की सरळ रस्त्याखाली व्हा. वाटेत कळे गावात चहा-भजी झाली, दुपारी झाडाखाली घरची भाकरी आणि खर्डा. संध्याकाळी गगनबावड्याच्या अलीकडं एका शेतात दोन सायकलींना ताडपत्री बांधली. शेतमालक बघायला आला.

"पावणं, घरात झोपायला जागा न्हाय व्हय?"

"हाय की," बापू म्हणाला, "पन घरात घाट न्हाय."

मालक हसला, जाताना शेकोटी विझवायला सांगून गेला.

आमच्यात पहिल्यापासून रीत आहे, सहलीत सायकलींना हात मीच लावायचा. दुसऱ्यानं पाना उचलायचा नाही. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात नुसता उद्याचा उतार. पडल्यापासून बापूच्या मुठीत जोर कमी होता. नुसतं बोट लावलं तरी लागावा म्हणून मी त्याचा मागचा ब्रेक आवळला. चाकाला थोडा आऊट होता, एका बाजूला वाकडं फिरत होतं, म्हणून ब्रेकचं रबर रिमला घासायला लागलं. मला ते दिसलं. उतारापुरतं चालेल, खाली गेल्यावर सैल करू, असं ठरवलं.

सकाळी गगनबावड्याहून घाटाचा उतार सुखरूप झाला. खाली टपरीवर उसळ-पाव खाल्ला. ऊन वाढतंय, पाणी पुरेल का, बापूचा गुडघा टिकेल का, याच्या काळजीत मी ब्रेक विसरलो.

एरवी बापू पुढं असायचा. त्या दिवशी मागं पडला. मी वळणावळणावर थांबून मागं बघायचो. मान खाली, दात आवळलेले. वर पोहोचायला दोन वळणं राहिली आणि त्यानं पाय टेकला. "संपलं बघ," एवढंच म्हणाला आणि सायकल ढकलत वर आला.

तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी त्याचं मागचं चाक उचलून फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि थांबलं. काही सुचायच्या आत हातात पाना आला आणि मी ब्रेक सैल केला. चाळीस वर्षांची सवय, की लाज, मला अजून सांगता येत नाही.

मग त्याच्याजवळ गेलो. "बापू, तू दमला न्हाईस. तुझा ब्रेक घासत होता. चूक माझी हाय."

त्यानं येऊन चाक उचललं, फिरवलं. चाक फिरतच राहिलं.

"कुठं घासतंय?"

"आत्ता सैल केला मी. शपथ घेतो."

"गप. समजूत घालतोस व्हय माझी?" त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "माणूस चांगला हाईस तू, पन खोटं बोलाया येत न्हाय तुला."

आठ दिवसांत सायकल भंगारात गेली. बापू आता तालमीच्या कट्ट्यावर बसतो. माझी सायकल घे, परत जाऊ, असं तीनदा म्हणालो. तो हात हलवतो. लोकांना सांगतो, दोस्त असावा तर असा, माझी हार सुद्धा स्वतःवर घेतो. त्यानं माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं.

घाट सुंदर आहे, जरूर जा. उतारासाठी ब्रेक आवळला असेल, तर खाली गेल्यावर लगेच सैल करा. विसरलात, तर वर आल्यावर पान्याला हात लावू नका. ज्याची सायकल आहे, त्याला आधी चाक फिरवून बघू द्या.