साडूंचा प्रोजेक्टर

आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या डोंबिवलीत दुसरा नाही, आणि नाही तेच बरं. दुसरा असता तर गावात एकही कार्यक्रम सुरू झाला नसता, नुसतं टेस्टिंग चाललं असतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. ठाण्याला सरकारी ऑफिसात मोठ्या टेबलावर होते, शिकलेले, मोजकं बोलणारे. मी कळव्याला रिक्षा चालवतो. शाळेने मला लवकर सोडलं, सुटका दोघांचीही झाली. आमच्यात जुळण्यासारखं एकच, सासू कॉमन. रिटायर झाल्यावर माणसं यात्रेला जातात, डॉक्टरला गुडघे दाखवतात, सोसायटीत भांडतात. ह्यांनी ठाण्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासचा जुना प्रोजेक्टर घेतला आणि तेव्हापासून नातेवाईकांच्या सुखदुःखावर उजेड पाडायला लागले.

त्यांचं लावणं बघण्यासारखं. टीपॉय मांडणार, टीपॉयवर पाट, पाटावर प्रोजेक्टर, पुढच्या पायाखाली दिवाळी अंक. चित्र फार वर गेलं की जाड अंक काढून पातळ अंक घालणार. तोवर कोणी हलायचं नाही. उजेडाच्या आड कोणी आलं की ओरडणार, "सावली! सावली काढा!" त्यांची बायको स्वतःच्या घरात चहाचा ट्रे घेऊन वाकून जाते. मला तर एकदा पाणी प्यायला रांगत जायला लावलं. रांगायला माझी ना नाही, पण पोट जमिनीला टेकलं तरी पाठ उजेडातच. भिंतीवर डोंगर सरकला म्हणे. घाई केली की ठरलेलं वाक्य, "मशीन आणि नवी सून, दोघींना रुळायला वेळ द्यावा."

त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगला मी सहज गेलेलो. पाण्याच्या टाकीचा हिशोब भिंतीवर दाखवणार होते. हिशोब लॅपटॉपवर, भिंतीवर नुसता लॅपटॉपच्या वॉलपेपरचा धबधबा. साडू लॅपटॉपमध्ये बघून तासभर समजावत होते, माणसं धबधबा बघत होती. मला वाटलं ह्याच टाकीबद्दल चाललंय, पाणी बघून मी टाळ्या पण वाजवल्या. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माझा फोटो लावला तेव्हा तोंड वाकडं दिसलं. ते सरळ करायला मशीनला कीस्टोन नावाचं बटण असतं. साडू ते दाबत राहिले, पाहुणे आइस्क्रीम खाऊन घरी गेले. शेवटी साडूंनी वळून माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि बोलले, "बरोबर आहे. मशीनची चूक नाही."

तर यंदा शिमग्याला सासूबाई डोंबिवलीत साडूंकडे अडकल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरने कोकणचा प्रवास बंद केलेला. लग्न होऊन आल्यापासून देवीची पालखी अंगणात आली की ओटी त्यांनीच भरायची, एक वर्ष चुकलं नव्हतं. जेवणावरची वासनाच उडाली त्यांची. "देवी दारात येईल नि मी नाय. काय वाटंल तिला?" मी शहाणपणा केला, "आई, मोबाईलवर बघा की. तुमचा मुलगा गावावरून दाखवेल." त्या माझ्याकडे बघून बोलल्या, "एवढीशी देवी? खिशात घालून आणता काय, जावयबापू?"

दुसऱ्या दिवशी साडूंनी हॉलची पिस्ता भिंत पांढरी करून घेतली. त्यांची बायको दोन दिवस बोलत नव्हती.

पालखीच्या दिवशी दुपारी पडदे ओढले. सासूबाई नवं लुगडं नेसून खुर्चीत, मांडीवर ताट, ताटात नारळ, खण, तांदूळ. गावावरून मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल लॅपटॉपवर आला, भिंतीवर धबधबा. साडूंनी बटणं दाबली, धबधबा गेला आणि गाव आलं, पण उलटं. माणसं छताला लोंबकळलेली. मी बोललो, "भाऊ, पंखा बंद करा, देवीला लागेल." कोणी हसलं नाही. मेव्हणा तिकडून ओरडत होता, "भावोजी, दिसतंय काय? पालखी पाणंदीत आली! आता अंगणात येईल!" ढोल जवळ येत होते. सासूबाईंनी मांडीवरचं ताट हातात घेतलं. साडू एकेक बटण दाबत होते. ते एवढंच बोलले, "आई, एक मिनिट. तिला थांबायला सांगा."

आणि चित्र सरळ झालं. अंगण, तुळस, आणि माणसांच्या खांद्यावरून देवी आत आली. भिंतभर.

सासूबाई कोणाला न विचारता उठल्या. काठी टेकत, ताट सांभाळत, थेट भिंतीकडे निघाल्या. आम्ही सगळे साडूंकडे बघायला लागलो, आता ओरडणार. सासूबाई भिंतीपाशी पोचल्या तर समोर त्यांची स्वतःचीच काळी सावली. पालखी झाकलेली. त्या गडबडल्या, "गेली कुठं? आत्ता तर होती."

साडूंनी प्रोजेक्टर उचलला. पाट बाजूला सारला आणि एवढा शिकलेला माणूस टीपॉयवर चढून उभा राहिला. प्रोजेक्टर खांद्यावर घेतला, त्याचं तोंड खाली केलं. सासूबाईंची सावली त्यांच्या पायाशी पडली आणि देवी पुन्हा समोर आली. वायर पुरेना म्हणून मी लॅपटॉप डोक्यावर धरून खाली उभा. मशीनचा गरम वारा साडूंच्या कानात जात होता, टीपॉय डुगडुगत होता, आणि भिंतीवरची पालखी अशी नाचायला लागली की गावातल्या माणसांनी कधी नाचवली नसेल. सासूबाईंनी भिंतीपाशी ओटी ठेवली, कपाळ भिंतीला टेकवलं.

गावातली पालखी पुढच्या दारी गेली. मेव्हण्याने फोन बंद केला. भिंतीवर संपलेल्या कॉलचा नुसता निळा उजेड उरला, आणि सासूबाई त्या उजेडासमोर डोळे मिटून, हात जोडून उभ्याच.

मी हळूच बोललो, "भाऊ, संपलं. उतरा आता."

"गप रे," साडू खांदा न हलवता बोलले. "त्यांचं चाललंय अजून."

मग मीही डोक्यावरचा लॅपटॉप खाली घेतला नाही.