दुपारी सरकणारा बाण

मशीन बिघडली की माझं डोकं आधी फिरतं, मग चालायला लागतं. पोंभुर्ण्यात मी कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही दुरुस्त करते. गिऱ्हाईक सांगतं, "बाई, आपोआपच बंद पडला वो." मी म्हणते, "आपोआप फक्त केस पांढरे होतेत भाऊ, काय केलं ते सांगा." तरी त्या हिवाळ्यात माझ्याच घरात एक गोष्ट आपोआप व्हायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मी भ्याले.

बाबांना लकवा झाला होता. जन्मभर शिलाई मशीनवर बसलेला माणूस, आणि उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबता. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीतरी गोल तळव्याखाली ठेवा, फिरवायचा प्रयत्न करू द्या. मला बसस्टँडजवळचं बंद पडलेलं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं. तिथून ट्रॅकबॉल आणला. फळीत अर्धा रुतलेला गुळगुळीत गोळा असतो तो, तळव्यानं फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो. प्लायवूडचं पॅनल केलं, दोन बटणं बसवली, जुना कॉम्प्युटर जोडला. बाबा अर्ध्या तोंडानं हसले. आईनं गोळ्याला हळदकुंकू लावलं, ते मी पुसून टाकलं आणि त्यावरून आमचं भांडणही झालं.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी आई ओरडली, "हलला! हात हलला वो माय!"

मी धावत गेले. बाबांचा हात गोळ्यावर होता आणि बाण डावीकडे सरकत होता. सावकाश, न थांबता. वीतभर गेला आणि थकल्यासारखा थांबला. दुसऱ्या दुपारीही तसंच, पुन्हा डावीकडेच. सकाळी मात्र काही नाही. "सकाळी हात आखडलेला रायते," आई म्हणाली, "उन्हं चढली का मोकळा होते." रडत रडत हसत होती बिचारी.

तिनं मार्कंड्याच्या महादेवाला नवस केला होता. हात आला की बाबा त्याच हातानं देवळातली घंटा वाजवतील. आता तिला जत्रेचे वेध लागले. नागपूरला बाबांना काही आठवडे ठेवून हाताचा इलाज करायचा ठरला होता. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हे सुरुवातीचे महिने दवडले तर हात कायमचा जाईल. पण आईनं ते रद्दच करून टाकलं. "आता काऊन पाह्यजे नागपूर? देवानं ऐकलं नं!"

माझा जीव तिथेच अडकला. हात खरंच येत असेल तर देव पावला. आणि येत नसेल तर आम्ही आमच्या हातानं तो घालवत होतो. बाण सरकताना मी पडदा सोडून बाबांची बोटं पाहत बसायची. बोटं हलायची नाहीत. "बाबा, तुम्हीच फिरवून राह्यले का?" मी विचारलं. ते नुसते आईकडे पाहत राहिले.

एका दुपारी बाबा आत खाटेवर पडले होते आणि आई विहिरीवर गेली होती. टेबलाजवळ मी एकटीच होते. पडद्याकडे लक्ष गेलं तर बाण डावीकडे चालला होता. मी गोळ्यावर बोट ठेवलं. गोळा गप्प. बाण चाललेलाच. मी बोट झटकन मागे घेतलं. बाहेर सागाची पानं वाजली तरी दचकले.

आई कळशी घेऊन आली. तिनं पाहिलं, आणि भ्यायची सोडून हात जोडले. "झोपेत फिरवून राह्यले असतीन ते. त्यायचा जीव त्या हातातच हाय."

मी आत डोकावले. बाबा जागे होते. डावा हात उजव्याच्या मनगटावर घट्ट दाबलेला, जणू कोणाला धरून ठेवलंय. नजर छपराच्या कवेलूंवर. ते पाहून आधी भ्याले, मग मला रागच आला. बस्स झालं हे, म्हटलं.

गोळ्याची वायर काढून माऊस जोडला. बाण थांबला, म्हणजे कॉम्प्युटर ठीक. पुन्हा गोळा जोडला. कवेलूंच्या फटीतून ऊन पॅनलवर पडत होतं, अशा उजेडानंही ट्रॅकबॉल चळतो, म्हणून वर घोंगडी टाकली. तरी बाण सरकलाच. मग स्क्रू काढून गोळा उचलला.

आधी वास आला. मोहाचा!

गोळ्याखाली बारीक दांड्या असतात. गोळा फिरला की त्या फिरतात, टोकाची खाचांची चकती फिरते, आणि मशीन त्या खाचा मोजते. सगळ्यावर पिवळट लोण्यासारखं काहीतरी थापलेलं होतं. "आई, हे काय हाय?"

"टोरीचं तेल," ती सहज म्हणाली. मोहाच्या बियांचं तेल, आमच्याकडे अंगाला तेच चोळतात. "रोज हाताले लावतो, त्याच वक्ती गोळ्यालेही लावतो. म्हटलं, त्यालेही मोकळं होऊ दे."

थंडीत हे तेल गोठतं, दुपारी पाघळतं. चकतीच्या एका बाजूला गठ्ठा बसला होता. तेल सैल झालं की त्याच्या वजनानं चकती हळूहळू खाली फिरायची, गोळा जागचा न हलता; तेलकट दांडी त्याच्यावरून नुसती घसरायची. रोज नवं तेल, रोज नवा गठ्ठा. मी सगळं स्पिरिटनं पुसलं. आता काय दिसणार ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दुपारी बाबांचा हात गोळ्यावर ठेवला. आई मांडी घालून समोर बसली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. बाण जागचा हलला नाही.

"तू बिघडवलं," आई म्हणाली.

"अवो आई, तो हात हलतच नोहता! मशीन हालत होती!" मी बाबांसमोरच ओरडले.

मग बाबांनी तोंड उघडलं. शब्द जड यायचे त्यांचे. "मले मालूम होतं. तिचं तोंड पाहून गप रायलो." डाव्या हातानं त्यांनी उजवा उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला. "हा हात माया नाई वाटत. कोणाचा तरी आणून बाजूले ठेवल्यावानी वाटते. उठलो का धरून पाह्यतो, कोण हाय म्हणून. मले लय भेव लागते. नेय मले नागपूरले."

आईनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि मला म्हणाली, "उद्याची पहिली गाडी पाह्य."