मागच्या गेटाकडे पळालेली मुलं

विश्वनाथअप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चहा पीत होतो. आम्हा निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' सगळ्यांत आधी मीच टाकली, सोबत जोडलेले दोन हात. ज्या माणसाचं नाव मी जिवंतपणी एका ओळीत घालवलं, त्याला श्रद्धांजली वाहायला माझा अंगठा किती चपळ निघाला! याला आता महिना झाला. लाज काही कमी होत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अप्पा फौजेतून निवृत्त होऊन गेवराईजवळच्या आपल्या गावी परतले होते. आग लागली, पाणी शिरलं, कुणी बॉम्बची अफवा उठवली, तर शाळेतून मुलं सुखरूप बाहेर कशी काढायची, हे ते तालुक्यातल्या शाळांना शिकवत. तहसीलच्या यादीत त्यांचं नाव होतं, शाळेचं पत्र गेलं की मोटारसायकलवर हजर. मी तेव्हा शेजारच्या गावी मुख्याध्यापक. खरं सांगतो, मला ते कटकटे वाटायचे. "सर, ह्या जिन्याखाली बाकडी काहून ठिवलीत?" हा त्यांचा नमस्कार. आठ दिवस त्यांनी मुलांकडून घोटवून घेतलं. घंटा सलग वाजली की दप्तर सोडायचं, पुढच्याचा खांदा धरायचा आणि मागच्या गेटाने शेतात निघायचं. पुढचं दार अरुंद, तिकडे फिरकायचं नाही. आठव्या दिवशी तर आमची पोरं झोपेतसुद्धा मागच्या गेटाकडे गेली असती.

आमच्याकडे साधी बोअर घ्यायची तरी नारळ फोडायला पुढारी लागतो. मग एवढं मोठं प्रात्यक्षिक पाहुण्याशिवाय कसं होणार? मी मांडव सांगितला, शाल-श्रीफळ आणलं, कोण कोणानंतर बोलणार त्यावरून दोन शिक्षकांचं भांडणही मिटवलं. मांडववाल्याला सावलीची जागा सापडली ती नेमकी मागच्या गेटापाशी. त्याने गेटाला टेकवून स्टेज उभं केलं. अप्पांनी सकाळी येताच ते पाहिलं.

"सर, गेट बंद झालंय. स्टेज हलवा."

"अप्पा, पाहुणे येऊन जाऊ द्या. मग लगेच काढतो."

"आन् तवर काही झालं तर?"

"आज काय होतंय? आज तर सगळं नाटकच आहे," मी हसत म्हणालो. ते हसले नाहीत.

पाहुण्यांना दोन तास उशीर झाला. मुलं वर्गात ताटकळत होती. लाऊडस्पीकरच्या वायरीतून ठिणगी उडाली आणि मांडवाच्या झालरीने पेट घेतला. शिपायाने घाबरून घंटा बडवली, आणि मुलं शिकवल्याप्रमाणे, एकमेकांचे खांदे धरून, मागच्या गेटाकडे निघाली... थेट जळत्या मांडवाकडे. मी 'पुढच्या दाराने, पुढच्या दाराने' ओरडत होतो, पण माझं कोण ऐकतंय? अप्पा दोन्ही हात आडवे पसरून आगीकडे पाठ करून उभे राहिले, मुलांचा लोंढा अडवला आणि पुढच्या दाराकडे वळवला. तिथल्या चेंगराचेंगरीत सहावीतल्या एका मुलीचा हात मोडला. तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं.

चौकशी लागली. मी अहवालात लिहिलं, 'प्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांना बंद असलेल्या गेटाकडे जाण्यास शिकवले होते.' ओळ खोटी नव्हती, हीच तिची बदमाशी. गेट बंद कुणी केलं हे लिहिताना मात्र माझं पेन अडलं. अप्पांचं नाव यादीतून गेलं आणि मी मानाने निवृत्त झालो. पुढे गेवराईच्या बाजारात दिसले की तेच आधी रामराम घालायचे. मी घाई असल्यासारखा पुढे सरकायचो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. वहिनी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"त्यांला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यो कागद त्यांनी वाचलता."

"मग मला कधी बोलले का नाहीत?"

"म्हणायचे, सर सोताहून येतील."

मला मान वर करवेना. उंबऱ्याशी अप्पांचे फौजी बूट होते. पॉलिश केलेले, नाड्या सैल, तोंडं बाहेरच्या बाजूला. माझी नजर तिथे गेलेली पाहून वहिनी म्हणाल्या, "पाय घातला की निघता यावं म्हणून असे ठिवायचे. रोज. कवा बलावणं येईल सांगता येत न्हाई म्हणायचे... आता मीच पुसून ठिवते."

सात वर्षं त्यांना कुणी बोलावलं नाही. माझ्या घरापासून त्यांचं दार चार किलोमीटरवर आहे.