उरलेली फळी

कुठलीही वस्तू दाखवा, आमचे मिस्त्री आधी तिच्या मागे जायचे. "समोरून काय, कोनीबी गोड दिसते. मांगून पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी हौसेनं घेतलेलं नवं कपाट त्यांनी भिंतीपासून ओढलं, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या बायकोसमोर जाहीर केलं, "मास्तरले फसवलं." पुतणीसाठी मुलगा पाहायला गेले, तर बैठक सोडून घराच्या मागच्या अंगाला फेरी मारून आले. असा एखादा तुमच्याही गावात असेल. त्याच्यासमोर नवीन काही घ्यायची चोरी.

आमच्या गावी, उंद्रीत परतण्याआधी मिस्त्री बरीच वर्षं गुजरातच्या किनाऱ्यावर होते. तिथं म्हातारी झालेली जहाजं भरतीच्या वेळी चिखलात घुसवतात आणि तोडतात. आतलं लाकूडकाम उखडणं हे मिस्त्रींचं काम. एकदा एक जुनं प्रवासी जहाज आलं, आठवडेच्या आठवडे समुद्र ओलांडून माणसं नेणारं. त्यातल्या एका खोलीची भिंत उतरवताना ते सवयीनं मागे डोकावले. फळीच्या पाठीवर पेन्सिलीनं नाव लिहिलेलं होतं, ती बसवणाऱ्या कुण्या परदेशी सुताराचं. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण सही कळली.

"आपल्यासारखाच मिस्त्री असन. त्याच्या हातचं भंगारात कसं देऊ?" म्हणून ती अख्खी खोली त्यांनी मुकादमाकडून मागून घेतली. भिंती, छत, पलंग, पितळी कडी, सगळं. फळ्यांवर खडूनं आकडे घातले आणि ट्रकमधून गावी आणली. वाटेत फळ्या एकमेकींवर घासून आकडे पुसले गेले.

बायको वारलेली, मूलबाळ नाही, जेवण पुतण्याच्या घरी. शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये मिस्त्री सात वर्षं ती खोली जुळवत बसले. लोक हसायचे, मीही हसलोय. शेवटी खोली उभी राहिली आणि एक फळी उरली. वीतभर रुंद, चारेक हात लांब, दोन्ही टोकं खाचेत बसतील अशी तासलेली. छताला लावून पाहिली, दाराखाली पाहिली. कुठेच बसेना.

"जादाची असेल हो. झोपा आता आत खुशाल," मी म्हणालो.

"घरभरनी झाल्याशिवाय घरात झोपते का कोनी? हे बसली का मंग निवांत झोपीन." त्या झोपेची ते सणासारखी वाट पाहत होते.

मलाच राहवेना. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा कधीतरी उपयोग व्हावा. जुन्या जहाजांचे नकाशे आणि फोटो जपणारी काही मंडळी परदेशात आहेत, त्यांना मी खोलीचे आणि फळीचे फोटो पाठवले. अशाच जहाजांवर नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं, सोबत त्या काळचा फोटो. फळी पलंगाच्या कडेला उभी बसवलेली होती. समुद्र खवळला की झोपलेला माणूस खाली पडू नये म्हणून. पलंगाला दोन पितळी खोबणी होत्याच. त्या चादर खोचायला असाव्यात, असं मिस्त्रींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. मिस्त्रींनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"म्हंजे खोली हालत होती?"

"समुद्रावर होती ना, मिस्त्री."

"मी तं तिले चिखलातच पाह्यलं."

फळी खोबणीत एका झटक्यात बसली. आता हा माणूस पेढे वाटणार, असं मला वाटलं. ते खाली जमिनीवर बसले.

त्या दिवसापासून ते आत झोपू लागले आणि त्यांची झोप गेली. "मास्तर, रोज हालून राह्यली," ते सांगायचे. मी बीपीच्या गोळ्यांची चेष्टा केली. तेव्हा त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि पलंगावर बसवलं. मला काहीच जाणवलं नाही. पण उठताना मी चौकट धरली, हे खरं.

"किती जहाजं तोडली मी. वाटे, मेलेली हायेत. मेलेलं तोडाले काय लागते?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ते पत्र काऊन आनलं तुमी?"

त्यांचं सुख मी माझ्या हातानं मोडलं, आणि तेही इंग्रजी येतं या तोऱ्यात.

पुढच्या महिन्यात एका सकाळी पुतण्या धावत आला. मिस्त्री त्या पलंगावर कुशीवर होते, अंग थंड पडलेलं. दोन्ही हातांनी त्यांनी ती फळी घट्ट धरली होती. पुतण्या रडत रडत फळीच ओढायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. मग आम्ही दोघांनी त्यांचं एकेक बोट सोडवलं. बराच वेळ लागला.