मान फिरणारा फ्लॅश

साळवे बाई राग विसरत नसत. आमच्या घाटनांदूरच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि सुट्टीत हौसेनं फोटो काढायच्या. कुणी लागेल असं बोललं की कॅमेऱ्याची काच पदरानं पुसत म्हणायच्या, "असू द्या सर. आज उजेड न्हाई." मला वाटायचं, बाई सोशिक आहेत. कसल्या सोशिक! त्या उजेडाची वाट बघत होत्या.

स्नेहसंमेलनाचे फोटो त्यांनी फ्लॅशशिवाय काढले. आमच्या सभागृहात भरदुपारीही अंधार, त्यामुळे संस्थेच्या सचिवांचा चेहरा काळवंडला. स्टाफरूममध्ये तो फोटो नाचवत सचिव म्हणाले, "बाई, मला पार तुमच्या वस्तीतला करून टाकला की! जरा गोरं काढत जावा." दोघेतिघे खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी काच पुसली.

पुढच्याच रविवारी आम्ही अंबाजोगाईला फ्लॅश घ्यायला गेलो. दुकानदारानं दोन मांडले. एक नुसता समोर बघणारा, दुसऱ्याची मान वर आणि बाजूला वळणारी. "पहिलाच हाय तर साधा घ्या बाई. त्येचं लई शिकावं लागतंय," तो म्हणाला. बाईंनी दुसऱ्याची मान टकटक करत छताकडे वळवली आणि माझा फोटो काढला. पांढऱ्या छतावरून उजेड अलगद खाली उतरला होता. सकाळी अंगणात बसल्यासारखा मी दिसत होतो. मग टक करून मान सरळ केली आणि पुन्हा काढला. या वेळी मी चुन्यानं रंगवलेली भिंत, मागे काळीकुट्ट सावली. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

"हाच द्या. ज्याला मान न्हाई, तो माणूस बी नको अन् फ्लॅश बी नको."

वस्तीतल्या विहाराच्या पांढऱ्या छताखाली त्यांनी हात बसवला. म्हाताऱ्या बाया, लेकुरवाळ्या, वीटभट्टीवरून आलेले गडी, सगळ्यांचे फोटो काढले. "आमची माणसं हायत तशी दिसली पायजेत. सावळी, पण उजळ," म्हणायच्या. आणि तशीच दिसत.

सचिवांना खबर लागलीच. "नवा फ्लॅश घेतला म्हणं! माझा एक झकास काढा. गोरा!" बाईंनी आधी शिपायाचा काढला, मान वर करून. सचिव समोर आले तशी मान सरळ केली. टक.

फोटोत तोंड पिठासारखं पांढरं, डोळे लाल, कपाळ तेलकट. आणि गंमत बघा, गड्याला तो आवडला! वाढदिवसाला त्यांनी तोच फोटो मोठा करून चौकात फ्लेक्सवर लावला. पारावरची माणसं पोट धरून हसली. "बाईनं सायबाला चुना लावला बे!" फ्लेक्स उतरेपर्यंत मी चहा मुद्दाम त्याच चौकात प्यायलो. इतका गोड चहा पुन्हा मिळाला नाही.

चुन्याची गोष्ट सचिवांच्या कानावर गेली आणि बाईंची बदली संस्थेच्या तलवाड्याच्या शाळेत झाली. गाव लांब, घरी म्हातारी आई. मी म्हणालो, "बाई, फ्लॅश महागात पडला."

"न्हाई सर. वसूल झाला."

निरोपाच्या दिवशी बाईंनी आम्हाला व्हरांड्यात उभं केलं. फ्लॅशची मान छताकडे होती. तेवढ्यात सचिव आले आणि सवयीनं मधोमध उभे राहिले. बाईंनी काच पुसली. मग मान सरळ केली. टक.

त्या आवाजाचा अर्थ आता सगळ्या स्टाफला ठाऊक होता. आधी शिपाई बाजूला सरकला, मग मी, मग एकेक करत सगळेच. सचिव एकटे उरले.

"साहेब, हसा," बाई म्हणाल्या.

तो फोटो त्यांनी मला तलवाड्याहून पाठवला. राग निवायला लागला की मी तो काढून बघतो.