कपारीनं न परतवलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी यादी करते, काम झालं की खूण करते, आणि यादीत न बसणाऱ्या गोष्टींचा विचार करत नाही. ही एकच बसली नाही…

धामणगाव बढ्याहून बैलांच्या दमणीनं डोंगराच्या पायथ्याशी जायचं, मग घळीतून तासभर चालायचं. टोकाला काळ्या खडकाची मोठी कपार आहे, तिच्या पोटात महादेव. समोरच्या सपाट दगडावरून विचारायचं — "महादेवा, येऊ का?" हाक परतली की आत जायचं. हाक परतली नसताना आत गेलेला माणूस बाहेर येत नाही, म्हणतात. मी त्याला प्रतिध्वनी म्हणते.

एका माघात धाकट्या जाऊला, गोदाला, नेलं. तान्हं मूल गेल्यापासून आठ महिने ती एक शब्द बोलली नव्हती. मलकापूरचे डॉक्टर झाले, रेल्वेनं नागपूरही झालं. घसा ठीक आहे म्हणाले. मग सासूबाईंनी नवस बोलला. तो पार पाडणं माझ्याकडे. यादी : नारळ, बेल, तूप, वाती, हाक. 'हाक'पुढे मी घरूनच खूण करून ठेवली होती.

दुपार होती, वारा नव्हता. मी हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली — कापसाच्या गंजीत मारावी तशी विरली.

"बसा मायबाई घडीभर," गुरव म्हणाला.

"गाडीवाला थांबते काय? उन्हं उतरायच्या आत मले धामणगाव गाठायचं आहे."

"महादेवाले बी वेळ नेमून देल्ली काय तुम्ही?"

मी नारळ उचलला आणि कपारीकडे निघाले. चार पावलं गेले असेन… मागून घोगरा, फाटका आवाज आला.

"बाई, नका जाऊ."

आणि कपारीनं तो परत दिला. स्वच्छ, शब्दन् शब्द.

मी वळले. गोदानं येऊन माझा पदर धरला. "हाक परतली नाही, तरी तुम्ही चालल्या. आता तुम्ही बी जाता काय मले सोडून?"

तिची वाचा भीतीनं फुटली, हे मला समजतं. पण जरा वेळानं मी पुन्हा हाक मारली, तर ती लगेच परतली. पुढची तीन वर्षं त्याच दगडावरून, त्याच वेळी, वारा असताना-नसताना हाका मारून मी वहीत टिपत आले. एकदाही विरली नाही. मग त्या दिवशी काय झालं होतं?

गोदाला विचारलं. आता ती भरपूर बोलते. म्हणाली, "तुम्ही घरूनच खूण करून आल्या होत्या, बाई. महादेवानं पाह्यली असन."

वहीत 'कारण' अशी एक ओळ आहे. ती अजून कोरीच आहे.